उच्च गेनची गिटार आणि नॉइज गेट

(बी. कॉम., तृतीय वर्ष)

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने विजेच्या गिटारवर लेख लिहावा याचे काही वाचकांना नवल वाटेल. 'हिशेबतपासणीवर काही लिही' असा सल्ला मला मिळालाही होता. परंतु गेल्या १ मे रोजी सुरतेला भर कार्यक्रमात माझी जी फजिती झाली, तिचा जमाखर्च मांडल्याशिवाय चैन पडेना. शिवाय आपल्या कॉलेजात विजेची गिटार वाजविणारे आता बरेच आहेत. त्यांतील कित्येक जण नॉइज गेट नावाची डबी हौसेने घेतात, तिची बटणे आठ दिवस फिरवितात आणि 'हिच्यात काही दम नाही' म्हणून अर्ध्या किमतीत विकून टाकतात. अशीच एक विकाऊ डबी मी घेतली होती. दोष डबीत नव्हता, हे मला उशिरा कळले.

आधी थोडी पार्श्वभूमी. आमचे घराणे बेळगावच्या वडगावातले, विणकराचे. घरात कन्नड, गल्लीत मराठी. वडील मागाच्या कामासाठी सुरतेला गेले ते तेथेच राहिले. सुरत महानगरपालिका गुजरातीबरोबर मराठी, हिंदी, उर्दू, ओडिया, तेलुगू अशा माध्यमांच्याही शाळा चालविते. आणि लिंबायत, उधना या भागांत जळगाव-धुळ्याकडची कुटुंबे इतकी आहेत की मराठी शाळेत मला परके असे कधी वाटलेच नाही. कॉलेजसाठी मी काकांकडे वडगावला आलो. वडील अजून सुरतेलाच आहेत, मागांची दुरुस्ती करणारे मास्टर म्हणून. आमच्या तेथील खोलीच्या भिंतीपलीकडे मागांची शेड आहे. पाळ्या बारा तासांच्या, एक दिवसाची आणि एक रात्रीची. माग खरोखर गप्प होतात ते दिवाळीच्या सुट्टीत. हे मुद्दाम सांगतो, कारण फजितीचे मूळ याच भिंतीत आहे.

दिवाळीत मी सुरतेला गेलो, नवी डबी जोडली, बटणे लावली आणि सारे झकास झाले. हात तारांवर ठेवला की ठार शांतता. मी बटणांच्या जागा पेन्सिलने नोंदवून ठेवल्या. परीक्षा संपवून एप्रिलअखेर पुन्हा गेलो, त्याच खुणांवर बटणे ठेवली, तर खोलीभर घूंऽऽ! गेट जणू जोडलेलेच नव्हते. तेव्हा मी मर्यादेचे बटण पुढे, आणखी पुढे सरकवीत नेले. आवाज थांबला आणि मी निर्धास्त झालो. १ मे हा महाराष्ट्राचा तसाच गुजरातचाही स्थापनादिन, दोन्ही राज्ये १९६० साली त्याच दिवशी झाली. त्यामुळे आमच्या सोसायटीच्या मैदानात त्या दिवशी कार्यक्रम असतो. आम्ही तिघे मित्र वाजविणार होतो. शेवटी एक लांब स्वर धरायचा, तो हळूहळू विरत जाईल आणि मग टाळ्या, असे ठरले होते. स्वर धरला. दोन-तीन सेकंद गेले आणि सुरीने कापावा तसा तो कटकन तुटला. टाळ्या आल्याच नाहीत. केबल निघाली असे समजून लोक वाट पाहत राहिले. पहिल्या रांगेतून वडिलांनी विचारले, "तार तुटली का रे?"

तार तुटली नव्हती. माझ्या गेटनेच तिला मध्ये थांबविले होते. असे का झाले, हे समजण्यासाठी प्रथम खरखर येते कोठून ते पाहू.

विजेच्या गिटारच्या तारांखाली लोहचुंबकांभोवती केसासारख्या बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे गुंडाळलेले असतात. याला पिकअप म्हणतात. पोलादी तार हलली की चुंबकीय क्षेत्र बदलते आणि वेढ्यांत क्षीण विद्युत्दाब उत्पन्न होतो. परंतु त्या वेढ्यांना तार कोणती आणि मोटार कोणती हे कळत नाही. आपल्याकडे वीज सेकंदाला पन्नास आवर्तने पूर्ण करते. ट्रान्सफॉर्मर, मोटार, विजेचे पॅनेल यांच्याभोवती त्याच गतीने चुंबकीय क्षेत्र हेलकावते, आणि पिकअप तेही इमानाने टिपतो. ही झाली घरघर. गिब्सन कंपनीतील अभियंता सेथ लव्हर याने १९५५ साली यावर तोड काढली: दोन वेटोळी शेजारी शेजारी, वेढे उलटसुलट आणि चुंबकही उलटसुलट. बाहेरची घरघर दोन्हींत विरुद्ध चिन्हांनी येते व वजा होते. तारेचा स्वर मात्र बेरजेत राहतो. हा तो हमबकर. माझ्या गिटारला एकेरी वेटोळे आहे, आणि भिंतीपलीकडे नेमके शेडचे पॅनेल!

दुसरी खरखर फसफसीची. ती इलेक्ट्रॉनिक मंडलांच्या अंगचीच असते आणि वर्धन जितके जास्त तितकी ती अधिक ऐकू येते. हिला कन्नड विभागातील माझे मित्र 'गद्दल' म्हणणार नाहीत, कारण एकटी ती फार नाजूक असते. तिला मोठी करतो तो गेन.

येथे थोडे गणित लागते, पण घाबरण्याचे कारण नाही. चक्रवाढ व्याज समजणाऱ्याला डेसिबल समजतोच. दर वीस डेसिबलला विद्युत्दाब दहापट होतो. चाळीस म्हणजे शंभरपट, साठ म्हणजे हजारपट. समजा, गिटारमधून निघताना स्वर घरघरीपेक्षा साठ डेसिबलने वर आहे. एवढ्या अंतरावर घरघर कोणाच्या लक्षातही येत नाही. आता उच्च गेनचा, म्हणजे स्वर फाटेपर्यंत वाढविण्याचा पेडल लावला आणि त्याने पन्नास डेसिबल वर्धन दिले. घरघर लहान असल्याने तिला पूर्ण पन्नास मिळाले. स्वर मात्र पंधरा चढला आणि छताला टेकला; त्यापुढे त्याचे माथे कापले जाते. माथे कापले जाणे यालाच आपण डिस्टॉर्शन म्हणतो. परिणामी साठाचे अंतर पंचवीसवर आले. मागांच्या शेडमुळे घरघर आणखी पंधराने वाढली असे धरा: पुढे अंतर पंचेचाळीस, आणि पेडलच्या मागे उरले फक्त दहा. म्हणजे उच्च गेनमध्ये स्वर मोठा होतो असे आपल्याला वाटते खरे, पण प्रत्यक्षात मोठी होते ती घरघर.

आता गेट. गेट हे नाव चांगले आहे, कारण ते खरोखर दार आहे आणि दाराशी एक शिपाई आहे. येणाऱ्या आवाजाची पातळी ठरलेल्या मर्यादेच्या वर असली तर दार उघडे, खाली असली तर बंद. एवढेच. गेट खरखर गाळून स्वर स्वच्छ करते ही समजूत साफ चुकीची आहे. परीक्षेत पस्तीसला पास म्हटले की छत्तीस मिळविणारा आपल्या सर्व चुकांसह पास होतो, आणि चौतिसाचे अक्षर मोत्यासारखे असले तरी तो नापासच. त्याचप्रमाणे स्वर चालू असताना त्याच्याबरोबर घरघरही दारातून आत जाते. स्वराखाली ती झाकली जाते इतकेच. तुम्ही गप्प असता तेव्हाच काय ते गेट कामाचे.

पुष्कळांना वाटेल, मग एवढा खटाटोप कशाला? थांबून थांबून वाजणाऱ्या संगीतात शांतता हीच अर्धी लय असते, म्हणून. मेटॅलिकाचा कार्यक्रम ३० ऑक्टोबर २०११ रोजी बेंगळुरूच्या पॅलेस ग्राउंड्सवर झाला तेव्हा मी पहिलीत होतो, त्यामुळे ऐकल्याची बढाई मारता येत नाही. पण तशा धर्तीच्या वाजविण्यात दोन ठोक्यांमधली जागा काळी कुळकुळीत हवी. तेथे घूं राहिले तर ठोका बोथट होतो. आपली ढोलकी ऐका. तळवा ठेवून बोल बंद करणारा वादक हेच करीत असतो. विजेच्या गिटारीवर फरक इतकाच की हाताने तारा थांबविल्या तरी यंत्र बोलत राहते.

मर्यादा कोठे ठेवावी, हा खरा प्रश्न. वडिलांना मी हे समजावून सांगत होतो तेव्हा त्यांनी मागाचे उदाहरण दिले, ते कोणत्याही पुस्तकापेक्षा मला पटले. मागावर आडवा धागा तुटला वा संपला की माग आपोआप थांबविणारा एक काटा असतो. तो फार हळवा ठेवला तर धागा शाबूत असतानाही माग उगाच थांबतो आणि कारागिराची मजुरी बुडते. फार ढिला ठेवला तर धागा नसताना माग चालत राहतो आणि कापडात पोकळ पट्टा पडतो. "काटा नेहमी धाग्याकडे बघून लावायचा, कारागिराच्या रागाकडे बघून नाही," असे ते म्हणाले. एप्रिलात मी रागाकडे पाहूनच बटण फिरविले होते.

रीत अशी. गिटारचा आवाज पूर्ण, गेन जेवढा प्रत्यक्ष वाजविताना ठेवणार तेवढाच. तारांवर तळहात ठेवून त्या गप्प करा. मर्यादेचे बटण अगदी शून्यावर आणा, म्हणजे सारी खरखर ऐकू येईल. मग ते सावकाश वर न्या. जेथे खरखर नुकतीच नाहीशी होते तेथे थांबा व केसभर पुढे सरका. बस. आता एक स्वर छेडून तो पूर्ण विरू द्या. शेवट स्वाभाविक वाटला तर ठीक; कापल्यासारखा वाटला तर बटण मागे घ्या आणि उरलेल्या खरखरीचा बंदोबस्त दुसरीकडे करा. आणि हे सर्व जेथे वाजवायचे तेथेच, त्याच विजेवर करा. दिवाळीतली खूण मे महिन्यात चालत नाही.

बाकीची बटणे प्रत्येक डबीवर नसतात, पण संगणकावरील गेटमध्ये बहुतेक सापडतात. दार किती चपळाईने उघडते ते अटॅक. एक मिलिसेकंदाच्या आसपास असावे, नाहीतर ठोक्याचे तोंडच गिळले जाते. पातळी खाली आल्यावरही दार किती वेळ धरून ठेवायचे ते होल्ड. वीस ते पन्नास मिलिसेकंद पुरतात. त्यानंतर दार किती सावकाश लागते ते रिलीज, आणि माझ्या मते मर्यादेखालोखाल महत्त्वाचे बटण हेच. तुटक ठोक्यांना पन्नास ते शंभर मिलिसेकंद, लांब स्वरांना तीनशे-चारशे किंवा त्याहूनही अधिक. दोन्ही प्रकार एकाच गाण्यात असतील तर मी लांब स्वराची बाजू घेतो. तुटक ठोके हाताने आवरता येतात, तुटलेला स्वर कशानेच जोडता येत नाही. दार बंद झाल्यावर आवाज किती खाली जावा याचेही एक बटण असते. सगळेच बंद करण्याचा मोह होतो. परंतु वीस-तीस डेसिबल खाली नेले तरी कानाला शांत वाटते आणि दार लागल्याचा धक्का बसत नाही.

आणखी एक गुण वाणिज्याच्या विद्यार्थ्यांना चटकन कळेल. विरत जाणारा स्वर सरळ रेषेत उतरत नाही, थरथरत उतरतो. मर्यादा एकच असेल तर तो तिच्या वरखाली होतो आणि दार टरटर वाजत उघडझाप करते. सबब चांगल्या गेटला दोन मर्यादा असतात: उघडण्याची वरची, बंद होण्याची चार-सहा डेसिबल खालची. परिव्ययलेखनात आपण साठ्याची किमान आणि कमाल पातळी ठेवतो ती याचसाठी. रोज एक पोते घटले की एक पोते मागवीत बसणारा व्यापारी हमालीतच बुडेल.

आता जागेचा मुद्दा, जेथे माझी खरी चूक होती. मी गेट सर्वांच्या शेवटी, डिस्टॉर्शन पेडलच्या मागे जोडले होते. वरचे गणित पुन्हा पाहा. पेडलच्या मागे स्वर आणि घरघर यांत अंतर उरले होते दहा डेसिबलचे, आणि स्वराचे सारे आयुष्य, छेडल्यापासून विरेपर्यंतचे, त्या दहाच्या फटीत दाबून बसविलेले होते. तेथे बटण केसभर पुढे गेले की आयुष्यातील निम्मे दिवस गेले! पेडलच्या पुढे, कोऱ्या गिटारवर, तेच आयुष्य पंचेचाळीस डेसिबलांत ऐसपैस पसरलेले असते. तेथे शिपायाला माणूस ओळखता येतो. मग गेट पुढेच का जोडू नये? जोडता येते, आणि फक्त गिटारची घरघर असेल तर तेच उत्तम. परंतु पेडल आणि अँप्लिफायर यांची स्वतःची फसफस गेटच्या मागे उत्पन्न होते, तिला मग दारच राहत नाही.

यावरचा तोडगा मला फार सुंदर वाटतो: शिपायाचा कान पुढे ठेवायचा आणि दार मागे. बॉस कंपनीची एनएस-२ ही डबी १९८७ साली आली, तिला यासाठी चार भोके आहेत; आता तशा डब्या इतर कंपन्याही करतात. गिटारची केबल इनपुटला. सेंडमधून डिस्टॉर्शन पेडलकडे. पेडलमधून परत रिटर्नला. आउटपुटमधून अँप्लिफायरकडे. गेट कोरी गिटार ऐकून निर्णय घेते, पण बंद करते ते पेडलच्या मागचे दार. डिस्टॉर्शन अँप्लिफायरमध्येच असेल व त्याला इफेक्ट्स लूप असेल, तर पेडलच्या जागी अँप्लिफायरचा पुढचा भाग धरा: गेटच्या सेंडमधून अँप्लिफायरच्या इनपुटला, लूपच्या सेंडमधून गेटच्या रिटर्नला, आणि गेटच्या आउटपुटमधून लूपच्या रिटर्नला. संगणकावर काम करणाऱ्यांनी गिटारचा कोरा ट्रॅक गेटच्या साइडचेनला द्यावा. डिले आणि रिव्हर्ब मात्र गेटच्या मागेच हवेत, नाहीतर दार त्यांचे शेपूट चिमटते. माझ्या डबीलाही चार भोके होती. सहा महिने मी त्यांतली दोनच वापरीत होतो.

तथापि जागा बदलण्याआधी मी मूळ घरघरच कमी केली, आणि तोच क्रम योग्य आहे. गिटारचा आवाज शून्यावर आणा. खरखर गेली तर ती पिकअपमधून येत होती. राहिली तर पेडल, केबल किंवा अँप्लिफायरमध्ये शोधा. मी गिटार हातात धरून खोलीत सावकाश गोल फिरलो. भिंतीकडे तोंड असता घूं, तिरके वळताच निम्मे! खुर्ची हलविण्याला पैसे पडत नाहीत. सर्व पेडलना एकच स्वस्त अडॅप्टर साखळीने जोडला होता, तो काढून अलग-अलग वाटा असलेला घेतला. एक गमतीची गोष्ट अशी की माग चालू असता जमीन थरथरते आणि न छेडलेल्या तारा आपोआप किंचित वाजू लागतात; गेट त्यांनाही स्वर समजून दार उघडी. गिटारच्या मानेवर, खुंट्यांजवळ, एक रुमाल गुंडाळला आणि तो उपद्रव थांबला. वाजविणाऱ्याचा हात तर आहेच. दोन ठोक्यांमध्ये तारा तळव्याने बंद करण्याची सवय नसेल तर चांगल्यात चांगली डबीही हरते.

एक गोष्ट गंभीरपणे सांगावयाची आहे. आमच्या खोलीतील तीन पिनांच्या सॉकेटला अर्थिंगची तारच नव्हती. तिसरे भोक केवळ शोभेला होते. गिटारच्या तारा अँप्लिफायरमार्फत याच अर्थिंगला जोडलेल्या असतात आणि वाजविणाऱ्याची बोटे त्या तारांवर. अर्थिंग नसेल आणि यंत्रात बिघाड झाला तर विजेचा मार्ग तुमच्या शरीरातून जाऊ शकतो. घरघर जावी म्हणून प्लगची तिसरी पिन मोडून टाकण्याचा सल्ला कोणी दिला तर तो माणूस तुमचा मित्र नव्हे. आम्ही वायरमनला बोलावून अर्थिंग करून घेतले. घरघर बरीच उतरली, ती वरकड कमाई.

मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात, माग पूर्ण चालू असताना, मी सर्व पुन्हा लावले आणि वडिलांना ऐकायला बसविले. यात एक अडचण होती. कारखान्यांच्या नियमांत आठ तासांच्या कामाला नव्वद डेसिबलची मर्यादा आहे. मागांच्या शेडमधला आवाज तिच्या वर जातो, आणि पाळी आठ नव्हे, बारा तासांची. अशा आवाजाने कान जातो तो आधी वरच्या पट्टीत, चार हजार हर्ट्‌झच्या आसपास. वडिलांना फसफस ऐकूच येत नाही. "आता खरखर गेली का?" असे मी विचारले तर ते म्हणाले, "ती होती कधी?" कुकरची शिट्टीही त्यांना आता आईने सांगावी लागते. मी गेट बंद करून दाखविले, चालू करून दाखविले. त्यांच्या चेहऱ्यावर फरक नाही. मग १ मेचा तोच लांब स्वर धरला. तो विरत गेला, विरत गेला, भिंतीपलीकडच्या खटखटीत मला स्वतःला तो ऐकू येईनासा झाला. वडील तारेकडे पाहत होते. थोड्या वेळाने त्यांनी मान हलविली व म्हणाले, "आता संपली."

गिटारच्या पेटीत मी एक कागद चिकटविला आहे. त्यावर दोन रकाने भरलेले आहेत, 'माग बंद' आणि 'माग चालू', आणि प्रत्येकात चारही बटणांच्या जागा. तिसरा रकाना कॉलेजच्या सभागृहाचा आहे. तेथील दिव्यांचे पॅनेल रंगमंचाच्या डाव्या विंगेत आहे, तेव्हा स्नेहसंमेलनाला मी उजवीकडे उभा राहणार.